पाणी प्यालेली भिंत

ओळंबा मिस्त्रींच्या तोंडावर त्यांच्या भिंतीला नावं ठेवायची हिंमत आजवर कुणाची झाली नव्हती. झाली ती त्यांच्या सुनेची. तीही ऐन जेवताना, त्यांच्याच ताटात वाढता वाढता.

"मामंजी, शाळेची भिंत सरळ आहे हो, पण ती धरलेली नाही," सूनबाई म्हणाली.

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. "धरलेली नाही म्हणजे? कुणी धरायची तिला? चक्कर येते का तिला?"

आता हे ओळंबा मिस्त्री म्हणजे काय प्रकरण होतं ते आधी सांगायला हवं. खरं नाव घरच्यांनाही आठवून सांगावं लागायचं. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी जो दोरीचा ओळंबा सोडतात, तो यांच्या खिशात कायम. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी दाराच्या चौकटीकडे बघणार, मग यजमानाकडे. चौकट तिरकी दिसली की त्या घरचा चहासुद्धा यांना गोड लागायचा नाही. कामावर बोलणार ते, ऐकणार बाकीचे. त्यांच्या कामावरून कुणी दुसऱ्यांदा हात फिरवून बघितला तरी यांच्या नाकाच्या शेंड्यावर राग.

आणि शाळा म्हणजे बाजाराच्या रस्त्याच्या टोकाला असलेली ती लाल विटांची दुमजली इमारत. मुख्य गवंडी म्हणून मिस्त्रींनी बांधलेली पहिली. तेव्हा मिशा नुकत्याच दाट झाल्या होत्या, आता त्या पांढऱ्या होऊन खाली लोंबायला लागल्या. शाळेच्या भिंती मात्र जशा होत्या तशा. कुठे तडा नाही, कुठे ओल नाही.

त्या शाळेच्या मोठ्या बाईंना खालचे दोन वर्ग मोडून एक मोठं सभागृह हवं होतं. मधली भिंत काढायची, तिच्या जागी लोखंडी तुळई घालायची. दिसायला काम एवढंसं. पण नगरपालिकेचा नियम असा की जुन्या विटांच्या इमारतीत वजन पेलणाऱ्या भिंतीला हात लावलात, तर तेवढ्यापुरतं थांबता येत नाही. सगळी इमारतच भूकंपाला टिकेल अशी करून द्यावी लागते, तीही आजच्या नियमांप्रमाणे. आणि तशी ती होणार नसेल, तर वरचा मजला बंद. तिथेही काही लोक टपूनच बसले होते, की कशाला जुन्याची डागडुजी करत बसता, पाडून टाका आणि मोकळे व्हा. म्हणजे शाळा राहणार की जाणार, हे एवढ्या कामावर येऊन ठेपलं होतं. आराखडा करायचं काम आलं सूनबाईकडे. इंजिनियर म्हणून स्वतःच्या सहीचं तिचं हे पहिलंच काम.

"हे बघा मामंजी," सूनबाईने वाढायचं भांडं खाली ठेवलं. "कपाट किती का जड असेना, भिंतीला ठोकलेलं नसेल आणि पोरं दाराला लोंबकळली, तर अंगावर येतं की नाही?"

"येतं."

"तसंच हे. तुमची भिंत स्वतःच्या वजनावर उभी आहे. वरून कितीही दाबा, हलायची नाही. पण भूकंप वरून दाबत नाही, तो आडवा ढकलतो. वरच्या माळ्याच्या लाकडी तुळया भिंतीत नुसत्या टेकवून ठेवल्यात. भिंत जरा बाहेर झुकली की तुळयांची टोकं सुटणार, आणि माळा खाली. खाली पहिलीची मुलं बसतात."

मिस्त्री ताटावरून उठले. अन्न टाकून उठायची त्यांची सवय नव्हती, त्यामुळे घरात सगळ्यांनाच कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"अहो," मागून त्यांची बायको म्हणाली, "पोरगी तुमचीच भिंत वाचवायला बघतेय आणि तुम्ही तिच्यावरच डोळे वटारताय!"

"माझ्या भिंतीला वाचवायला माणसं लागत नाहीत," मिस्त्री हात धुता धुता म्हणाले, आणि त्यानंतर काही दिवस त्यांनी सुनेशी अबोला धरला. अबोला कसला, अर्धामुर्धा. चहा हवा असला की बायकोला सांगायचे, "कुणाला तरी म्हणावं चहा टाका."

काम सुरू झालं. मिस्त्री मी काही तिकडे फिरकणार नाही म्हणाले, आणि दुसऱ्याच सकाळी सहज पाय मोकळे करायला म्हणून नेमके शाळेच्या रस्त्याला लागले. आत डोकावले तर काय! परांचीवर एक कामगार यंत्राने भिंतीत भोक पाडत होता, आणि यंत्र असं धरलं होतं की जसं काही भिंतीशी त्याचं जुनं वैर आहे. विटांच्या कडा उडत होत्या. मिस्त्री दारातूनच ओरडले.

"अरे ए! भिंत आहे ती, खडक नाही! सांध्यात नको, विटेच्या मधोमध घे! उतर खाली. उतर म्हणतो ना!"

सूनबाई पलीकडे उभी होती. ओठ दाबून हसू आवरत ती म्हणाली, "मामंजी, मग तुम्हीच बघता का? तुमच्याइतकं या भिंतीला दुसरं कोण ओळखतं?"

आता असं म्हटल्यावर मिस्त्री विरघळणार नाहीत तर काय करणार? पण मिशीवर ताव देऊन एवढंच म्हणाले, "बघतो. नाहीतर तुम्ही लोक तिची चाळणी करून ठेवाल."

कामाची रीत तिने त्यांना नीट समजावून सांगितली. तुळयांना लोखंडी पट्ट्या, पट्ट्यांना सळया, आणि त्या सळया भिंतीत खोलवर बसवायच्या, म्हणजे माळा आणि भिंत एकमेकांना धरून राहतील. गच्चीच्या कठड्यालाही तसंच मागून धरायचं, कारण धक्का बसला की आधी कठडाच रस्त्यावर येतो. सळई बसवायची ती सिमेंटने नाही, केमिकलने. भोक पाडायचं, ब्रशने घासायचं, हवा मारून धूळ उडवायची, पुन्हा घासायचं, पुन्हा हवा. मग नळीने केमिकल अगदी तळापासून भरत यायचं आणि सळई हळूहळू फिरवत आत सारायची. एवढं सांगून झालं न झालं तोच लोखंडी तुळई घेऊन ट्रक आला, आणि ती तिकडे धावली.

मिस्त्रींनी सगळं मनापासून ऐकलं होतं. आणि सगळं मनापासून केलं. एकही पायरी गाळली नाही. फक्त एक पायरी त्यांनी आपली म्हणून घातली.

त्याचं असं आहे की मिस्त्रींच्या सगळ्या जन्मात कोरड्या विटेला कधी सिमेंट-वाळूचा मसाला लागला नव्हता. कोरडी वीट तहानलेली असते, ती मसाल्यातलं पाणी शोषून घेते, आणि सांधा जळतो, म्हणजे धरतच नाही. म्हणून आधी विटेला पाणी पाजायचं, मग बाकी सगळं. गवंड्याच्या हाताला हे सांगावं लागत नाही. तो हात आपोआप पाण्याकडे जातो. तेव्हा प्रत्येक भोक घासून, हवा मारून लख्ख झालं की मिस्त्री चोचीचं भांडं घेऊन परांचीवर चढायचे आणि भोकात पाणी सोडायचे. अगदी मायेने. तान्ह्या बाळाला दूध पाजावं तसं.

"हे सूनबाईंनी सांगितलंय का?" एका कामगाराने विचारलं.

"हे सांगायचं असतं का? वीट तहानलेली ठेवून काम करणारा गवंडी तू कुठे पाहिलास?"

त्या कामगारानेही तसला गवंडी कुठे पाहिला नव्हता.

तपासणीचा दिवस उजाडला. मिस्त्रींनी इस्त्रीचा सदरा चढवला. बायकोही हट्टाने बरोबर आली, म्हणाली, "मलाही बघू दे एवढं काय दिवे लावलेत ते." मोठ्या बाईंनी वरचे वर्ग लवकर सोडले होते. नगरपालिकेचे साहेब आले. तरुण, किडकिडीत, बोलायला महाग. त्यांच्याकडे एक जॅक होता. सळईचं टोक त्यात धरायचं आणि ओढायचं. किती जोराने ओढतोय ते काट्यावर दिसायचं. ठरलेल्या खुणेपर्यंत काटा गेला आणि सळई जागची हलली नाही, की पास.

पहिली सळई धरली. काटा चढायला लागला. मिस्त्री हाताची घडी घालून उभे. काटा खुणेच्या निम्म्यालाही पोचला नसेल, तोच सळई सरकली. आणि सरकली ती सरकतच गेली. मातीतून मुळा उपटावा तशी अख्खी बाहेर आली.

"होतं कधीकधी," साहेब म्हणाले. त्यांनी दुसरी धरली. तीही आली. तिसरी तर जॅक लावल्या लावल्याच हलली.

मोठ्या बाईंचा चेहरा उतरला.

साहेबांनी जॅक खाली ठेवला. "वीट जुनी आहे," ते म्हणाले. "धरत नाहीये. असं असेल तर वरचा मजला आजपासूनच बंद करावा लागेल. पुढचं वरिष्ठ ठरवतील, पण मला वाटतं पाडण्याचाच निर्णय होईल."

"वीट?" मिस्त्रींचा आवाज असा काही चढला की बाहेरच्या रस्त्यावरचा माणूस थांबला. "वीट धरत नाही? अहो, हातात घेऊन, एकीवर एक वाजवून, एकेक पारखून घेतलीय मी! वाजली नाही ती बाजूला टाकलीय! माझ्या विटेला बोल लावू नका साहेब. बोल लावायचा तर त्या नळीतल्या मलमाला लावा. दात घासायच्या पेस्टवर माळा टांगायला निघाल्या आमच्या सूनबाई! मी तेव्हाच म्हणणार होतो, पण आम्ही पडलो अडाणी. त्यांची सही, त्यांचं डोकं!"

बोलून गेले आणि मग सुनेकडे बघितलं. सगळ्या कामगारांसमोर, मोठ्या बाईंसमोर, साहेबांसमोर ती तशीच उभी होती. कान लाल झाले होते तिचे. मिस्त्रींच्या बायकोने कपाळाला हात लावला.

खाली वाकून सूनबाईने निघालेली सळई उचलली, खिडकीपाशी नेली आणि उजेडात फिरवून बघितली. सळईवर केमिकलचं वेष्टण जसंच्या तसं होतं, गुळगुळीत, साच्यातून काढल्यासारखं. लाल कणही चिकटलेला नव्हता. मग ती परांचीवर चढली, भोकात करंगळी घालून बघितली, आणि बोट नाकाशी नेलं.

"साहेब, वीट कच्ची असती तर सळईला विटेचा चुरा चिकटून आला असता," ती वरूनच म्हणाली. "इथे केमिकल विटेला धरलंच नाही. आत अजून दमटपणा आहे." मग तिने खाली बघितलं. "मामंजी, या भोकांत पाणी गेलं होतं का?"

"गेलं होतं का म्हणजे?" मिस्त्री अजून तापलेलेच होते, आणि आता तर त्यांना आपल्या कामाची ग्वाही द्यायची होती. "पोटभर पाजलंय! एकही भोक मी कोरडं सोडलेलं नाही!"

कामगारांनी एकमेकांकडे बघितलं.

सूनबाई खाली उतरली. मिस्त्रींकडे न बघता साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. "चूक माझी आहे, साहेब," ती म्हणाली. "या केमिकलला कोरडं ठाक भोक लागतं. पाणी घालू नका हे मी सांगितलंच नव्हतं."

खरंच नव्हतं सांगितलं. सांगणार तरी कशी? भोकात कुणी पाणी घालेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं, आणि घालायचं नसतं हे मिस्त्रींच्या. एका घरात राहून, एका चुलीवरचं खाऊन, दोघांची विद्या अशी दोन टोकांना.

मिस्त्रींची कानशिलं तापली. गप्प बसले असते तर निभावलं असतं. सून आपणहून मान पुढे करत होती, साहेबांना कुणाची तरी चूक हवी होती, आणि म्हाताऱ्याला कुणी दोष दिला नसता. पण त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घण घातल्यासारखी वाजत होती. पाणी चुकलं, म्हणजे वीट नाही चुकली. माझी वीट शाबूत आहे!

"थांब," ते म्हणाले. "तू हो बाजूला."

"मामंजी, राहू द्या."

"राहू द्या काय? साहेब, हिची चूक नाही. आणि विटेचीही नाही. हिने सांगितलेलं सगळं मी केलं आणि वर माझी अक्कल चालवली. पाणी मी पाजलं, या हातांनी. आणि आत्ता चारचौघांत तिला बोललो, तेही चुकलो. चारचौघांत बोललो म्हणून चारचौघांतच सांगतो." त्यांची मान ताठ होती. "मजला बंद करायचा तर माझ्या नावाने करा. विटेच्या नावाने करू नका."

साहेबांनी जॅक उचलून त्याच्या पेटीत ठेवला. मग ते म्हणाले, "मला कारण मिळालं, हे बरं झालं. भोकं नवीन पाडा. मी पुन्हा येईन, आणि कुठली सळई ओढायची ते मी निवडीन. तेव्हाही सुटली तर मात्र माझ्याकडे दुसरा इलाज नाही, मिस्त्री."

घरी जाताना बायकोला राहवेना. "चूक कबूल करून आलात आणि चालताय तर असे, जसं काही मिरवणूक निघालीय तुमची!"

"वीट चांगली आहे अगं," मिस्त्री म्हणाले. "ऐकलंस ना? वीट चांगली आहे."

दुसऱ्या दिवसापासून काम नव्याने सुरू झालं. चोचीचं भांडं बायकोने कुंडीतल्या रोपांसाठी ताब्यात घेतलं. कामगारांना तर आयतंच सापडलं होतं. कुणी तरी वरून ओरडायचं, "मिस्त्री, या भोकाला तहान लागलीय बघा!" आणि मिस्त्री खालून, "तुझं तोंड बंद कर, त्यात धूळ जाईल!" सगळे हसायचे, मिस्त्रीही. पण एक गोष्ट त्यांनी ताकीद देऊन ठेवली होती: सूनबाईने बॅटरी मारून भोकात बघितल्याशिवाय सळईला कुणी हात लावायचा नाही. ती आली की हे बाजूला सरकून उभे राहायचे. ती एक डोळा मिटून आत बघायची. कधी म्हणायची, "ठीक आहे," कधी म्हणायची, "अजून एकदा हवा मारा." आणि एकदा हवा मारा म्हटलं की मिस्त्री दोनदा मारायचे. आपल्या कामावर दुसऱ्याची नजर पडली की ज्यांना ताप यायचा, ते हेच मिस्त्री होते हे सांगून पटलं नसतं.

साहेब पुन्हा आले. या वेळी त्यांनी खालच्या सोयीच्या सळया सोडल्या आणि थेट वरच्या, कठड्याखालच्या रांगेकडे बोट दाखवलं. तिथे वीट सगळ्यात जास्त ऊनपाऊस खाल्लेली. मिस्त्रींनी मिशी चाचपली. सूनबाई परांचीच्या दांड्याला घट्ट धरून उभी होती. खाली मोठ्या बाई, त्यांच्या शेजारी मिस्त्रींची बायको.

काटा चढायला लागला. मागच्या वेळी जिथे सळई सुटली होती ती जागा गेली. काटा खुणेला टेकला. साहेब तसेच धरून राहिले. सळई जागची हलली नाही.

दुसरी. हलली नाही. तिसरी साहेबांनी मुद्दाम कोपऱ्यातली घेतली. तीही नाही.

"पास," साहेब म्हणाले, आणि खालून मोठ्या बाईंनी टाळ्याच वाजवल्या.

"साहेब," मिस्त्री पुढे झाले, "आणखी ओढा."

"मामंजी, झालं ना!" सूनबाई घाबरली. "आता कशाला उगीच?"

"सुटेपर्यंत ओढा, साहेब. ही एक सळई मी पुन्हा बसवून देईन. मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात वीट धरत नाही. किती धरते ते एकदा बघूनच जा."

साहेबांनाही मोह झाला असावा. त्यांनी पुन्हा दांडा दाबायला घेतला. काटा खूण मागे टाकून चालला, चालतच राहिला. लोखंड कुरकुरायला लागलं. साहेबांच्या कपाळावर घाम आला. आणि मग फटकन आवाज झाला, लाल धूळ उडाली, आणि सळईबरोबर विटेचा हा एवढा ढलपा बाहेर आला. केमिकलला असा चिकटलेला की नखानेही निघेना.

साहेबांनी तो हातात फिरवून बघितला. तुटलेल्या बाजूवर अंगठा घासला. लालभडक, घट्ट, एकजीव वीट. "सळई नाही सुटली," ते सावकाश म्हणाले. "वीट तुटली, पण सांधा सुटला नाही. असं काम मी फार कमी ठिकाणी बघितलंय." मग ते वळून मोठ्या बाईंना म्हणाले, "इमारत कुठे जात नाही, बाई. सभागृह करा खुशाल. वरचे वर्गही भरवा."

मिस्त्रींची छाती अशी फुगली की इस्त्रीच्या सदऱ्याच्या गुंड्यांची काळजी वाटावी. भिंतीवर त्यांनी तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"पण मिस्त्री," साहेबांनी जॅक सोडवता सोडवता विचारलं, "बांधकाम तर तुमचं, ते कळलंच. हे नवीन काम कुणी करवून घेतलं? इथला प्रमुख कोण, तुम्हीच ना?"

सगळे कामगार एका सुरात हो म्हणणार होते. मिस्त्रींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"नाही साहेब," ते म्हणाले, आणि खाली रस्त्यावरही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. "भिंती मी बांधल्या. हे काम मी आमच्या सूनबाईंच्या हाताखाली केलंय."

खाली त्यांच्या बायकोने पदर डोळ्यांना लावला. सूनबाई पाठ फिरवून जॅकच्या पेटीत काहीतरी शोधायला लागली. बराच वेळ शोधत राहिली, आणि पेटी तर रिकामीच होती.